बाईचं पोर्ट्रेट रंगवताना: स्त्री चित्रकारांच्या कामातून घेतलेली रीत

बाईचं पोर्ट्रेट काढायला बसलं की हात आपोआप एका ठरावीक चेहऱ्याकडे वळतो. टपोरे डोळे, कोरलेल्या भुवया, चिमुकलं नाक, गुळगुळीत गाल आणि कुठेच न बघणारी नजर. कॅलेंडरं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि साडीच्या दुकानांच्या पाट्या यांनी हा चेहरा इतका घोटून घेतलाय, की समोर खरीखुरी बाई बसलेली असली तरी ब्रश पाठांतरच म्हणून दाखवतो.

स्त्री चित्रकारांनी रंगवलेल्या बायका वेगळ्या दिसतात, ते ‘स्त्रीसुलभ संवेदने’च्या खात्यावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. चित्रं जवळून पाहिली तर फरक साध्यासुध्या निर्णयांत सापडतो: बाई किती उंचीवर बसली, उजेड कुठून घेतला, हातांना काय दिलं, गालाच्या रंगात पांढरा किती मिसळला, कुठे थांबलं. हे निर्णय शिकता येतात, आणि पुरुषांनी शिकले तरी चालतात. पुढची कृती तैलरंगातल्या, हातांसकट मांडीपर्यंतच्या पोर्ट्रेटची आहे. कॅनव्हास १८ × २४ इंच, दोन-दोन तासांच्या पाच-सहा बैठका.

कोणाला बसवायचं आणि कसं

ओळखीच्या बाईपासून सुरुवात करा. स्त्री चित्रकारांनी शतकानुशतकं हेच केलं, कारण दुसरा मार्गच नव्हता. लंडनच्या रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या संस्थेच्या १७६८च्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. पण योहान झोफानी या चित्रकाराने अकॅडमीच्या सदस्यांचं समूहचित्र काढलं तेव्हा खोलीत नग्न मॉडेल असल्यामुळे या दोघींना भिंतीवर टांगलेल्या तसबिरी करून टाकलं. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत मुलींना प्रवेश मिळायला १८९७ उजाडलं. मग उरलं काय? बहिणी, आई, घरातली मोलकरीण आणि आरसा. इटलीतल्या क्रेमोनाच्या सोफोनिस्बा अँग्विसोलाने १५५५मध्ये आपल्या तीन बहिणींना बुद्धिबळ खेळताना रंगवलं आणि कडेला म्हातारी दाई उभी केली. त्या काळातल्या पोर्ट्रेटमधल्या बायका बहुतेक नुसत्या बसून असतात. या मुली डाव लढवताहेत.

पहिल्या बैठकीत रंग उघडूच नका. बाईला सांगा, तुम्हाला जिथे आणि जसं बसावंसं वाटतं तसं बसा. गप्पा मारत पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा झटपट स्केचं करा, प्रत्येकी तीन-चार मिनिटांची. दहा-पंधरा मिनिटांनी लक्षात येतं की ती फिरून फिरून एकाच स्थितीत येते: एक खांदा उतरलेला, एक पाय दुमडलेला, डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर. पोझ हीच. तुम्ही सुचवलेली ‘छान’ पोझ वीस मिनिटांत ढासळते, मग दर विश्रांतीनंतर खांदा वेगळ्या जागी येतो आणि चित्रातली मान मोडल्यासारखी दिसते.

अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार एलिझाबेथ विजे-लब्रं यांनी आपल्या भाचीसाठी पोर्ट्रेटवर काही सूचना लिहून ठेवल्या होत्या. मॉडेल येण्याच्या अर्धा तास आधी पॅलेट तयार ठेवा, तिला पाठ टेकायला काहीतरी द्या, पायाखाली स्टूल द्या, तिला स्वतःपेक्षा उंचावर बसवा. पायाखालचं स्टूल किरकोळ वाटतं, पण पाच फूट उंचीची बाई साध्या खुर्चीत मागे सरकून बसली की टाचा अधांतरी राहतात, मांड्यांना रग लागते आणि ती अर्ध्या तासात पुढे सरकते. चार इंचांचा पाट पुरतो. बसण्याचा काळ २५ मिनिटं, मग ५ ते १० मिनिटं मोकळं. खुर्चीचे चारही पाय आणि पावलांच्या कडा फरशीवर मास्किंग टेपने आखून घ्या. गरोदर किंवा वयस्कर बाई असेल तर १५ मिनिटांवर घड्याळ लावा.

उंचीचं गणित करूनच टाका. खुर्चीत बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंमीवर येतात आणि उभ्याने रंगवणाऱ्याचे १४५ ते १६०वर. म्हणजे सव्वा-दीड फूट वरून तिच्याकडे पाहिलं जातं. कपाळ मोठं, हनुवटी लहान, खांदे निमुळते होतात आणि चाळिशीची बाई शाळकरी मुलगी दिसू लागते. यावर उपाय दोन: तिची खुर्ची सव्वा फूट उंच चौथऱ्यावर ठेवा, नाहीतर स्वतः बसून रंगवा. फार खालूनही नको. तिथून बाईची देवी होते, तेही तितकंच पाठांतर.

अंतर सहा ते आठ फूट. तीन फुटांवरून पाहिलं की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. मोबाइलवर हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नेमकं हेच होतं, म्हणून संदर्भासाठी फोटो हवाच असेल तर आठ फुटांवरून दुप्पट झूम करून घ्या.

उजेड

एकच खिडकी. बाकीच्या झाका, ट्यूबलाइट बंद. उजेड एका बाजूने आणि थोडा वरून यावा, नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याकडे तिरपी पडावी.

वयस्कर चेहऱ्यासाठी हा नियम बदलतो, आणि तो बदल सांगणारी बाई स्वतः नव्वदी ओलांडलेली होती. जुलै १६२४मध्ये तरुण फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक पालेर्मोला सोफोनिस्बाला भेटायला गेला आणि आपल्या वहीत तिचं चित्र काढलं. शेजारी त्याने तिचा सल्ला टिपून ठेवला: उजेड फार वरून घेऊ नकोस, नाहीतर म्हातारपणाच्या सुरकुत्यांतल्या सावल्या फार गडद होतील. कारण सरळ आहे. सुरकुती म्हणजे उथळ चर; वरून येणारा उजेड चराच्या वरच्या काठावर अडतो आणि आत काळी रेघ उमटते. उजेड डोळ्यांच्या पातळीजवळ आणला की तोच चर हलक्या छटेत उतरतो. सुरकुती राहते, ओरखडा राहत नाही. खिडकीचा वरचा तिसरा हिस्सा चादरीने झाकला की काम होतं.

‘उत्तरेचा उजेड घ्या’ हे वाक्य पुस्तकांत युरोपातून आलंय. मुंबई सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे भर दुपारचा सूर्यसुद्धा माथ्याच्या उत्तरेला असतो, आणि एप्रिल ते ऑगस्ट सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतूनच आत शिरतं. काचेला बटर पेपर चिकटवा किंवा पांढरी मलमल ताणून बांधा, आणि सगळ्या बैठका एकाच वेळेला ठेवा. सकाळी रंगवलेला गाल संध्याकाळी दुरुस्त करायला गेलात तर दोन बायकांचे गाल तयार होतात.

रेखन

कॅनव्हासला आदल्या दिवशी रॉ अंबरचा पातळ हात देऊन मधल्या राखाडी-तपकिरीवर आणा. पांढऱ्या कॅनव्हासवर गव्हाळ रंगसुद्धा काळा वाटतो, मग भीतीने पांढरा मिसळला जातो, आणि चेहरा गोरा करण्याची सुरुवात तिथूनच होते.

अमेरिकन चित्रकार ॲलिस नील सरळ कॅनव्हासवर पातळ निळ्या रंगाने रेखन करायची आणि ती निळी रेघ अनेकदा शेवटपर्यंत दिसू द्यायची. सावळ्या त्वचेसाठी ही युक्ती फार कामाची आहे. तपकिरी रेघ त्वचेच्या रंगात बुडून जाते, मग वाढलेली हनुवटी कधी वाढली तेच कळत नाही. अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ४ नंबरच्या ब्रशने रेखन करा. निळा वेगळा दिसत राहतो आणि गालाच्या कडेला थोडा उरला तर थंड सावली म्हणून खपून जातो.

या कॅनव्हासवर डोकं साडेपाच-सहा इंचांत बसवा, म्हणजे हातांना जागा उरते. मग मोजा. डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर, दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर, हे नियम फक्त आधाराला घ्या. चित्र साधतं ते ही बाई नियमाला कुठे सोडते त्यावर. वरचा ओठ लांब आहे का? एक डोळा खाली आहे का? (जवळजवळ प्रत्येकाचा असतो.) जबडा एका बाजूला भरलेला आहे का? असे तीन फरक कागदावर लिहून ईझलला (कॅनव्हास ठेवायच्या स्टँडला) चिकटवा. नंतर ‘सुधारणा’ करताना हात याच तीन ठिकाणी फसवतो.

सर्वांत जास्त फसवणूक डोळ्यांच्या मापात होते. मोठ्या माणसाच्या बुबुळाचा व्यास जवळपास सगळ्यांत १२ मिमीच्या आसपास असतो. आपल्या मापात तो साधारण ८ मिमी येतो. पट्टी लावा. १० मिमी भरला तर तुम्ही डोळे फुगवलेत. तीच गोष्ट मानेची: आपण ती लांब आणि बारीक करतो आणि खांद्याची सुरुवात खाली ढकलतो. प्रमाण बदलायचंच असेल तर उघडपणे बदला. नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या चित्रकार बी. प्रभा यांच्या चित्रांतल्या कोळणी अंगाने लांबच लांब आहेत, पण ती लांबी मान, हात, टोपली सगळीकडे एकाच निश्चयाने आली आहे. फक्त मान दोन सेंटीमीटर वाढवणं हा निश्चय नसतो, लाड असतो.

त्वचेचा रंग

इथे वेळ घालवा. पॅलेटवर एवढे रंग पुरतात: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. काळ्याची ट्यूब आणि ‘फ्लेश टिंट’ नावाची गुलाबी ट्यूब डब्यातच राहू द्या. फ्लेश कोणाचं, हा प्रश्न त्या ट्यूबला कोणी विचारलेला दिसत नाही.

गव्हाळ-सावळ्या त्वचेची मधली छटा: यलो ऑकर दोन वाटाण्यांएवढा, बर्न्ट सिएना दोन, व्हाइट एक, अल्ट्रामरीन टाचणीच्या डोक्याएवढा. सावली: बर्न्ट अंबर दोन, अलिझरिन अर्धा, अल्ट्रामरीन अर्धा, पांढरा अजिबात नाही. उजेडाची बाजू: मधल्या छटेत आधी यलो ऑकर एक वाटाणा आणि किंचित लाइट रेड, मग पांढरा अर्धा. हा क्रम पाळा. पांढरा रंग उजळवतो, त्याचबरोबर रंगाचा जोर मारतो आणि त्याला थंड करतो. नुसत्या पांढऱ्याने उजळलेली सावळी त्वचा राख फासल्यासारखी दिसते. राख झालीच तर वर पुन्हा तपकिरी थापू नका, चिखल होतो. तो भाग पॅलेट नाइफने खरवडून काढा आणि ऑकरपासून सुरू करा.

चकाकी मात्र थंड असते. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर खिडकीचं आभाळ उमटतं, म्हणून तिथे पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा कण आणि मधल्या छटेचा थेंब. तेलकट त्वचेवर तिच्या कडा ठळक, कोरड्या त्वचेवर पसरट. चकाकीचे ठिपके पाचाच्या वर गेले की चेहरा लाखेच्या बाहुलीचा होतो.

एकाच चेहऱ्यात रंगाचे पट्टे असतात. कपाळ पिवळसर, नाक-गाल-कान लालसर, ओठांखाली आणि जबड्याकडे हिरवट-राखाडी (मधल्या छटेत व्हिरिडियनचा कण), डोळ्यांभोवती जांभळट-तपकिरी. डोळ्यांखालची ही काळसर वर्तुळं पुसण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती पुसली की डोळे खोबणीतून बाहेर येऊन गालावर ठेवल्यासारखे दिसतात, कारण खोबण दाखवणारा रंगच गेला. वरच्या ओठावरची लवही रंगवायची असते: केस म्हणून नाही, ओठावर हिरवट-राखाडीचा एक पातळ हात म्हणून. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोने आपली लव आणि जुळलेल्या भुवया आत्मचित्रांत उघड ठेवल्या, आणि आज तो चेहरा जगभर ओळखला जातो तो त्यांच्यामुळेच.

गळा आणि हातही चेहऱ्याच्या रंगाचे नसतात. ब्लाउजच्या बाहीपर्यंत दंड उजळ आणि बाहीखाली काळवंडलेला, मनगटावर बांगड्यांखालचा पट्टा पुन्हा उजळ, हातांचे पंजे सर्वांत गडद. चेहऱ्याचं उरलेलं मिश्रण हातांवर फिरवलं तर हात मेणाचे होतात. तपासणी सोपी आहे: मिसळलेला रंग नाइफच्या टोकावर घेऊन बाईच्या गालाशेजारी, त्याच उजेडात धरा आणि एक डोळा मिटून पाहा. बहुतेकांचा रंग पहिल्या खेपेला दोन पायऱ्या फिकट निघतो.

अमृता शेरगिलचं १९३५चं ‘तीन मुली’ या दृष्टीने निरखून पाहा. ते चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि त्याला १९३७मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं. सावळे चेहरे कपड्यांच्या भरघोस रंगांशेजारी ठेवले आहेत. पार्श्वभूमी जवळजवळ सपाट, सजावट नाही. त्वचेला उजळवायला पांढरा लागला नाही, कारण शेजारच्या रंगानेच तिला उठाव दिला.

नजर, कुंकू, केस

शेरगिलच्या त्या तिघींपैकी एकही आपल्याकडे बघत नाही. खाली वळलेली नजर म्हणजे लाजाळूपणा, हे समीकरण तिथे मोडतं. त्या आपल्याच विचारात आहेत. तंत्राच्या अंगाने खाली वळलेल्या नजरेत वरची पापणी मुख्य होते. ती डोळ्याच्या गोलावर ताणलेली कातडी आहे, म्हणून तिला चेंडूसारखी छाया द्या: मधे उजेड, दोन्ही कोपऱ्यांकडे गडद. पापण्यांचे केस एकेक काढू नका, खालच्या कडेला एक जाड-बारीक होत जाणारी गडद रेघ पुरे.

बाई समोर बघत असेल तर वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते का ते पाहा. अख्खं वर्तुळ दिसलं की ती दचकलेली वाटते. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, मधल्या छटेत थोडा पांढरा आणि निळा, बस्स. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलीच पाहिजे.

हसायला सांगू नका. पंचवीस मिनिटं हसू धरून ठेवता येत नाही. गाल वर राहतात आणि डोळे विझतात. विजे-लब्रं यांच्या १७८७मध्ये प्रदर्शित झालेल्या, मुलीला कुशीत घेतलेल्या आत्मचित्रात किंचित दात दिसले, तर पॅरिसमध्ये त्यावरून नाकं मुरडली गेली. असं हसू हवंच असेल तर ते बोलता बोलता येतं तेव्हा ओठांचे कोपरे दोन मिनिटांत टिपा आणि सोडून द्या.

कुंकू आणि टिकली या रंगवायच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंजरीच्या कुंकवाची कड विरलेली असते, एखादा कण खाली नाकावर सांडलेला असतो, आणि रंग त्वचेत मुरलेला दिसतो. तो अर्धवट ओल्या कपाळावरच लावा. टिकलीची कड धारदार, खाली केसाएवढी सावली, वर चकाकीचा ठिपका. ती कपाळ वाळल्यावर. तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्यावर दोन्ही लंबगोल होतात. इथे पूर्ण गोल काढला की टिकली कॅनव्हासला चिकटवल्यासारखी तरंगते. आणि बाई कुंकू लावत नसेल तर तुम्ही लावू नका, ‘चित्र रिकामं वाटतंय’ हे कारण पुरेसं नाही.

केस आधी एक घट्ट वस्तुमान म्हणून भरा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर समसमान. तेल लावलेल्या केसांची चकाकी निळसर आणि पट्ट्यासारखी असते. कपाळाशी मिळणारी कड सावलीच्या छटेने पुसट करा, नाहीतर टोप दिसतो. भांगापाशी उगवलेले पांढरे केस, मेंदीने नारिंगी झालेल्या बटा, हे ज्याच्या त्याच्या जागी येऊ द्या.

आत्मचित्र करत असाल तर एक गोष्ट आधीच ठरवा. आरशात पदर उजव्या खांद्यावर जातो आणि नथ उजव्या नाकपुडीत. अनोळखी माणसाला चूक सापडत नाही, पण मराठी डोळ्याला काहीतरी उलटं झालंय हे लगेच जाणवतं. दोन आरसे काटकोनात ठेवले की प्रतिमा सुलट होते. इटालियन चित्रकार आर्टेमिसिया जेंतिलेस्कीने १६३८-३९च्या सुमारास चित्रकला या कलेचं मूर्त रूप म्हणून स्वतःला रंगवलं, तेव्हा एकाहून अधिक आरशांशिवाय ती बाजूची, पुढे झुकलेली स्थिती दिसणं अवघड होतं. बाही वर सारलेली, केस सुटलेले, नजर कामावर. प्रेक्षकाकडे बघायला तिला सवडच नाही.

हात

अर्ध्याहून जास्त पोर्ट्रेट्स हातांपाशी पडतात. पहिलं कारण माप: हाताची लांबी हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत असते, पण बायकांचे हात ‘नाजूक’ करण्याच्या नादात ती नाकापर्यंत येऊन थांबते. दुसरं कारण, हातांना काही कामच दिलेलं नसतं. मांडीवर नुसते ठेवलेले हात वीस मिनिटांनी ढिले पडतात आणि बोटं केळ्यांच्या घडासारखी दिसतात.

अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅटने १८७८मध्ये आईला रंगवलं ते चष्मा लावून वर्तमानपत्र वाचताना. ॲलिस नीलने ऐंशीव्या वर्षी स्वतःला नग्न रंगवलं, पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्चीत, एका हातात ब्रश आणि दुसऱ्यात फडकं. १९७८च्या तिच्या ‘मार्गारेट एव्हन्स प्रेग्नंट’मध्ये दिवस भरत आलेली बाई लहानशा खुर्चीवर ताठ बसली आहे. तिचं अवघडलेपण तिच्या शरीराने स्वतःला कसं सावरून धरलंय त्यावरून कळतं.

मॉडेलला असं काम द्या ज्यात हात पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात. वाती वळणं उत्तम. मटार सोलणं, विणकाम, वर्तमानपत्र, मोबाइल (हो, मोबाइल; पण त्याचा निळा उजेड हनुवटीवर पडतो, ब्राइटनेस कमी करा). वाती वळताना तळहात मांडीवर सपाट आणि अंगठा किंचित उचललेला, ही स्थिती दर पाच सेकंदांनी परत येते. तेवढीच रंगवा, मधलं सगळं सोडून द्या.

क्रम असा: आधी दोन्ही हात मिळून जो एक आकार होतो तो सावलीच्या छटेत भरा. मग बोटांच्या पेरांचे उजेडातले सपाट तुकडे ६ नंबरच्या फिल्बर्टने (गोल टोकाच्या चपट्या ब्रशने), एकेका फटकाऱ्यात. मग बोटांमधल्या फटी. नखं शेवटी, तीही फक्त चकाकीने. पेरांच्या सांध्यांवर लालसर, मनगटाच्या आत हिरवट शिरा. विळीच्या घावाची खूण, हळदीने पिवळी झालेली नखं, अंगठीने पडलेला खळगा दिसत असेल तर रंगवा. नसेल तर ‘कष्टकरी’ म्हणून मुद्दाम आणू नका. तेही एक कॅलेंडरच.

साडी

साडीसाठी बाईला तिष्ठत ठेवायची गरज नाही. पदर दर बैठकीला वेगळा पडतो. तिसऱ्या बैठकीला चुण्या मनासारख्या पडल्या की सेफ्टी पिना लावा, फोटो घ्या, खडूने खांद्यावर खूण करा. नंतर तीच साडी खुर्चीवर उशी बांधून तशीच लावा आणि एकाच दिवसात संपवा. सुती साडीच्या चुण्या कोनदार आणि मोडलेल्या, रेशमाच्या लांब आणि गोल. काठ आखून घेऊ नका; तो चुणीपाशी तुटतो आणि पलीकडे सरकून पुन्हा सुरू होतो. तुटण्याची जागा बरोबर आली तर नक्षीचे चार ठिपकेही पुरतात.

साडीचा रंग चेहऱ्यावर चढतो हे विसरू नका. लाल पदर हनुवटीच्या खालच्या बाजूला लाल झाक टाकतो, हिरवा ब्लाउज गळ्याच्या सावलीत हिरवट उतरतो. ही झाक रंगवली नाही तर डोकं दुसऱ्या चित्रातून कापून आणल्यासारखं वाटतं. चुण्या फार होत असतील तर अजिंठा आठवा. १९३६-३७च्या दौऱ्यात शेरगिलने ती लेणी पाहिली आणि त्यानंतरच्या ‘वधूचा शृंगार’सारख्या चित्रांत कपडे मोजक्या, मोठ्या आकारांत बांधले गेले. दहा चुण्यांतल्या तीन ठेवा.

थांबणं, वाळवणं

खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि वर्षभरात गालाला तडे जातात. अंबरचा थर एक-दोन दिवसांत वाळतो, अलिझरिन आणि टायटेनियम व्हाइटला आठवडा लागू शकतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. त्या दिवसांत ओला कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळे करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाका. मॉडेल गरोदर असेल तर टर्पेंटाइन पूर्ण बंद ठेवा, रंग तेलात पातळ करा आणि ब्रश तेलाने व साबणाने धुवा.

पाचव्या बैठकीनंतर चित्र आरशात बघा. एक डोळा वर गेलेला, तोंड सरकलेलं तिथे चटकन दिसतं. मग ईझलला चिकटवलेला तीन फरकांचा कागद काढा आणि ते तिन्ही अजून चित्रात आहेत का बघा. सहसा एक तरी पुसलेला असतो. तो परत आणा आणि हात धुवा. खुर्चीचा पाय, पार्श्वभूमीचा कोपरा, साडीचं खालचं टोक नुसत्या निळ्या रेघेत राहिलं तर राहू द्या.

आता तिला दाखवा. ‘नाक मोठं आलंय’ हे बहुधा पहिलं वाक्य असतं. वाद घालू नका, पट्टी काढा आणि तिच्यासमोर मोजा. चुकलं असेल तर दुरुस्त करा. बरोबर असेल तर नाक तसंच राहील. मात्र चित्र कुठे लावायचं, कोणाला दाखवायचं, नेटवर टाकायचं की नाही, हे तिने ठरवायचं. ते पहिल्या बैठकीआधीच बोलून घेतलेलं बरं.

व्हार्निश किमान सहा महिन्यांनी. कॅनव्हासच्या मागे लाकडी चौकटीवर पेन्सिलने तारीख, वापरलेले रंग आणि तिची हरकत नसेल तर तिचं पूर्ण नाव लिहा. जुन्या संग्रहांत ‘लाल साडीतील स्त्री’ एवढ्याच नावाची चित्रं ढीगभर आहेत.